मिठाचा कायदा आणि बियाण्याचा कायदा

१९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून सत्याग्रही जमले आणि त्यांनी मिठाचा कायदा मोडला. समुद्र ज्याच्या दाराशी आहे त्याने मिठासाठी सरकारापुढे हात का पसरावा, हा त्या लढ्यातला प्रश्न होता. पुढे एकोणनव्वद वर्षांनी, १० जून २०१९ रोजी, अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे उघडपणे पेरण्यात आले, आणि त्याही कृत्यास सविनय कायदेभंग हेच नाव देण्यात आले. पर्यावरण संरक्षण कायद्यात या अपराधास त्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होता. जनुकीय बदल केलेल्या पिकांचा वाद प्रयोगशाळेतून बांधावर आला तो असा.

ही तुलना आम्हांस अर्धीच पटते. निंदणीची मजुरी परवडत नाही, ही कपाशी उत्पादकाची तक्रार खरी आहे. (ती मजुरी बहुतांशी खेड्यातील बायांच्या पदरात पडते, हेही तितकेच खरे, त्यांचे म्हणणे या वादात कोणी विचारीत नाही.) परंतु शिरोड्याचे मीठ कोणा कंपनीचे नव्हते आणि ते शेजाऱ्याच्या शेतात आपोआप शिरत नव्हते. चोरट्या बाजारातील बियाण्याला ना पावती, ना हमी. ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागावयाची? मात्र असा बाजार भरतो, याचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही.

जनुक-बदलाचे गुणदोष पाहावयाचे तर आपल्या देशात कपाशीइतका मोठा दाखला दुसरा नाही. मातीतील एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातला की झाड स्वतःच बोंडअळीस मारक असे प्रथिन तयार करते. २००२ साली या बीटी कपाशीस परवानगी मिळाली. त्या सुमारास देशात रुईचे हेक्टरी उत्पन्न तीनशे किलोंच्या आसपास होते. २०१३-१४ मध्ये ते साडेपाचशेच्या वर गेले. त्या वाढीत पाणी, खते आणि नव्या संकरित वाणांचाही वाटा होता, हे खरे. तथापि अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हा लाभ शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिला. उगाच नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याने या कपाशीखाली आणले नसते.

परंतु अळीही शिकते. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक पुडी दिली जाई. शेताच्या कडेने ते पेरले म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती लवकर वाढत नाही, हा त्यामागील हेतू. पुडीचे प्रयोजन कोणी धड समजावून सांगितले नाही आणि बहुतेकांनी ती पेरलीही नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस जणांनी प्राण गमावले. देशातील उत्पन्न अलीकडे साडेचारशे किलोंच्या आसपास घसरले आहे. शिवाय हा जनुक आपल्याकडे मुख्यतः संकरित वाणांतूनच आला, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घेणे आले. कोरडवाहू शेतकऱ्यास हाच फास अधिक आवळतो, असे आमचे मत आहे.

सरकारचे वर्तन मात्र अनाकलनीय आहे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यास ९ फेब्रुवारी २०१० रोजी जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. पुरेशी तपासणी होईपर्यंत म्हणून दिलेल्या स्थगितीस दीड दशक उलटले. इकडे बांगलादेशात तेच वांगे २०१४ पासून शेतात आहे. मोहरीच्या प्रकरणी जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. राष्ट्रीय धोरण आखावे, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते. सरकार होकार देत नाही आणि कारणांसह नकारही देत नाही, तेव्हा चोरट्या व्यापाऱ्याचे फावते.

आता हा प्रश्न कोकणच्या दाराशी येत आहे. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. त्यांपैकी 'पुसा डीएसटी राईस १' हा क्षार आणि अवर्षण सोसतो, असे सांगितले जाते. येथे परका जनुक घातलेला नसून भाताच्याच जनुकात काटछाट केलेली आहे. म्हणून मार्च २०२२ च्या निर्णयानुसार अशा वाणांना जनुकीय पिकांच्या कडक तपासणीतून सूट मिळते. चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आणि परिषदेने ते फेटाळले. खाडीचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले म्हणजे काय होते, हे वेंगुर्ले तालुक्यातील शेतकऱ्यास सांगावयास नको. असा भात खरोखरच तगणार असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील केंद्राने जुन्याच पैदास पद्धतीने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल १, २ आणि ३ हे वाण पूर्वीच दिले आहेत. नव्या वाणाची स्पर्धा त्यांच्याशी आहे. भात स्वपरागित असल्याने त्याचे बियाणे कणगीत राखता येते आणि २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास ते राखण्याचा, पेरण्याचा व वाटण्याचा हक्क दिला आहे. ज्या तंत्राने ही काटछाट होते त्याची एकस्वे मात्र परदेशी संस्थांच्या हाती आहेत. उद्या त्यांच्याशी परिषदेचा जो करार होईल त्यात हा हक्क अबाधित राहील काय, याचे लेखी उत्तर कृषिमंत्र्यांनी संसदेत द्यावे. आणि शिरोड्यापासून आरोंद्यापर्यंतच्या खाडीकाठी हा भात पनवेल वाणांच्या शेजारी निदान तीन पावसाळे लावून, पिकला किती नि बुडाला किती, ते आकडे मराठीत छापून दरसाल ग्रामसभेत वाचावे. हे झाल्यावाचून त्याची पिशवी कोकणात विक्रीस येऊ नये.