डबलसीट, मनाली ते लेह

पती-पत्नींनी मित्रमंडळींसह मोटारसायकलींवरून केलेला दूर पल्ल्याचा डोंगरप्रवास हा प्रस्तुत अंकाचा विषय असून, त्यासाठी मनाली-लेह मार्ग निवडण्यामागे निश्चित कारण आहे. रोहतांग खिंडीच्या परिसरातील सुमारे 9 किलोमीटरचा अटल बोगदा 2020 मध्ये खुला झाल्यापासून लाहौल जवळ आले आणि पुण्या-नाशिकहून निघणाऱ्यांना सारी वाटच सोपी झाल्याचा भास होऊ लागला. परंतु 5,300 मीटरहून उंच असलेल्या तांगलांग ला येथे (‘ला’ म्हणजे खिंड) हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो, त्याला बोगदा काय करणार? अशा हवेत कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागात, पेट्रोलचे प्रमाण वाढून इंजिन धापा टाकते, आणि माणसांनाही डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशी उंचीच्या आजाराची लक्षणे जाणवू लागतात, जी बळावल्यास खाली उतरणे हाच खरा उपाय असतो.

परत फिरण्याचा असा निर्णय कोण घेते, हा या अंकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. आपल्याकडील प्रवासवर्णनांत बहुधा हँडल धरणाराच बोलतो; मागची जागा, जी बहुतेकदा पत्नीच्या वाट्याला येते, मुकी राहते. म्हणून येथे प्राधान्य मागच्या सीटवरून दिसलेल्या रस्त्याला दिले आहे. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या वाचकांच्या पत्रांची संपादक मंडळाला विशेष प्रतीक्षा आहे.