सुतारपक्ष्याला हाकलू नका!

हमिंगबर्डसाठी परसात टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटलीवर सुतारपक्षी येऊन बसला, की इथे न्यू जर्सीत आपल्या घराघरांतून टाळ्या वाजू लागतात. "अरे, हाकल त्याला!" आमच्या वर्गाचे मत मात्र वेगळे आहे.

हमिंगबर्ड जेमतेम ३ ग्रॅमचा, म्हणून सगळ्यांचा लाडका. सुतारपक्षी मात्र दांडगट ठरतो, मग तो चिमणीएवढा डाउनी का असेना! तो बसला की बाटली झुकते, पाणी सांडते, मुंग्या येतात, हे खरे. पण सॅपसकर नावाचा सुतारपक्षी झाडाच्या सालीत भोके पाडून रस काढतो. उत्तरेकडच्या जंगलांत, फारशी फुले उमलण्याआधी पोचलेले हमिंगबर्ड तोच रस पितात (आणि तोही न विचारता). तिथे त्यांना कोणी चोर म्हणत नाही.

आईबाबांनो, दुसरी बाटली टांगा, पहिलीपासून जरा दूर. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. लाल रंग नको, मधही नको. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुवून पाणी बदलावे लागते. ते काम आम्ही मुले करू. साखर तेवढी तुम्ही आणा.