शेपटी विरण्याआधी

मृगाच्या दोन सरी पडल्या की धारवाडच्या मळमड्डी भागातल्या मोकळ्या जागांत पाणी साचतं, रात्री बेडकांचा गलका सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत त्या गढूळ पाण्यात काळी, शेपटीवाली पिल्लं वळवळू लागतात. मुलं त्यांना मासे समजतात. लहानपणी मीही समजत असे.

परवा शेजारची मुलगी पी.यू.सी.चं पुस्तक घेऊन आली. “काकू, कॉर्डेट प्राण्यांची लक्षणं म्हणते, चुकलं तर सांगा.” पृष्ठरज्जू, पाठीच्या बाजूने जाणारी पोकळ चेतारज्जू, घशात कल्ल्यांच्या फटी, गुदद्वाराच्या मागे शेपूट. एकही चुकलं नाही. “यातलं तुझ्या अंगात काय काय आहे?” असं विचारल्यावर मात्र ती थबकली. “चेतारज्जू आहे. बाकीचं माणसाला कुठलं?”

चूक तिची नाही. ही व्याख्या काळाशी बांधलेली आहे, आणि आपण ती तक्ता म्हणून शिकवतो. ही चिन्हं आयुष्यात कधीतरी दिसली पाहिजेत, शेवटपर्यंत टिकलीच पाहिजेत असं नाही. मी तिला तिच्याच शरीराची गोष्ट सांगितली. गर्भाच्या तिसऱ्या आठवड्यात पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारी लवचिक दांडी, तयार होते. तिच्या प्रभावाने वरचा थर दुमडतो, त्याची नळी होते आणि त्या नळीतून मेंदू आणि चेतारज्जू घडतात. साधारण 28व्या दिवसापर्यंत ती नळी मिटावी लागते. खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीच्या कण्यात फट राहते. फोलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याआधीपासून घ्यायला सांगतात ती यासाठीच, कारण दिवस गेल्याचं कळेपर्यंत बऱ्याचदा ही वेळ निघून जात असते. पुढे पृष्ठरज्जूची जागा मणके घेतात आणि दोन मणक्यांमधल्या चकतीच्या मऊ गाभ्यात तिची खूण उरते. माणसाच्या गर्भात कल्ल्यांच्या फटी उघडत नाहीत, पण घशाच्या बाजूला खाचा पडतात. त्यातल्या पहिलीतून कानापासून घशापर्यंतची नळी होते. शेपटीचं म्हणाल तर माकडहाड आहेच. ऐकता ऐकता तिचा हात नकळत कानामागे गेला.

ही चिन्हं फक्त बालपणीच दिसणारा आणखी एक जीव आहे. समुद्रात खडकांना आणि होड्यांच्या तळांना चिकटून राहणारा अ‍ॅसिडियन हा पिशवीसारखा जीव एके काळी शिंपल्यांच्या गोतात धरला जात असे. 1866 साली कोवालेव्हस्की या रशियन संशोधकाने त्याच्या पिल्लाची वाढ तपासून प्रसिद्ध केली, आणि त्या पिल्लात शेपूट होती, पृष्ठरज्जू होती, चेतारज्जूही होती. एकदा ते खडकाला चिकटलं की शेपूट विरते आणि तिच्याबरोबर पृष्ठरज्जूही जाते. म्हणजे जो जीव आपला नातेवाईक आहे हे मोठेपणी ओळखूच येत नाही, तो बालपणी सख्खा निघाला.

आम्ही कॉलेजात काय केलं? क्लोरोफॉर्म दिलेला मोठा बेडूक मेणाच्या ताटात टाचण्या लावून उघडला. त्या बेडकाची शेपूट गेलेली, कल्ले गेलेले, पृष्ठरज्जूच्या जागी मणके आलेले. चारांतली तीन चिन्हं ज्याच्या अंगावरून पुसली गेली होती, तोच प्राणी मारून आम्ही कॉर्डेट शिकलो. याचं मला आज फार वाईट वाटतं. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन थांबवलं, ते योग्यच झालं. पण रिकाम्या झालेल्या त्या तासाला मुलांना डबक्याकडे न्यायला हवं होतं. तिथे मारायचं काही नाही, बघायचं पुष्कळ.

आणि आपल्या धारवाडइतकं योग्य गाव त्यासाठी कुठलं? इथल्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि शानभाग यांनी बेडकांच्या पिल्लांवर वर्षानुवर्षं काम केलं. भेकाची पिल्लं पाण्यात आपली सख्खी भावंडं ओळखतात, तीही वासावरून, हे त्यांच्या प्रयोगांत दिसलं. जगभरच्या अभ्यासकांनी वाचलेलं हे काम आमच्या शाळकरी मुलांपर्यंत मात्र पोचलेलं मला दिसत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघी भिंग घेऊन डबक्याकडे गेलो. नुकत्याच फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं काठाच्या गवताला लटकली होती. त्यांच्या गळ्याशी दोन्ही बाजूंना बारीक झुपके हलत होते: बाहेरचे कल्ले. हे दोन-चार दिवसच दिसतात, मग त्यांच्यावर कातडीचा पडदा येतो. पुढे महिना-दीड महिन्यात पाय फुटतील आणि शेपूट अंगात विरून जाईल. तिने वहीत तारीख घातली आणि पहिलं चित्र काढलं. रोज एक काढायचं ठरलं आहे. डबकं तेवढे दिवस टिकावं म्हणून पावसाकडे डोळे लागले आहेत.