निघण्याचा हुकूम
दापोलीहून दाभोळला उतरून वाशिष्ठीची खाडी फेरीबोटीने ओलांडायची आणि पलीकडे धोपाव्यापासून गुहागर, पालशेत, हेदवी करीत तवसाळला शास्त्रीच्या खाडीवर दुसरी बोट धरून जयगडास मुक्काम करायचा, अशी गेल्या आठवड्यात आम्हां सायकलस्वार स्नेह्यांची एका दिवसाची मजल होती. नकाशात हा रस्ता समुद्राकाठाने सरळ गेलेला दिसला, तरी जांभ्याचा सडा चढायचा, खालच्या वाडीत उतरायचे आणि लगेच पुन्हा चढायचे, हाच त्याचा दस्तूर असल्यामुळे बळकट पायांचे गडी प्रत्येक चढणीवर पुढे निघून जातात, आणि ज्याचा दम आधी सरतो तो तांबड्या धुळीने माखलेली साखळी करकरवीत एकटा मागे उरतो. पुढचे लोक वळणावर थांबतात, हे खरे. परंतु मागचा धापा टाकीत पोहोचतो न पोहोचतो तोच विश्रांत झालेली ही मंडळी पुन्हा पायडल मारू लागतात, आणि ज्याला विसाव्याची निकड सर्वाधिक त्यालाच तो मिळत नाही, हा मला सहप्रवासातील सर्वांत मोठा अन्याय वाटतो. दाभोळच्या धक्क्यावर आमच्यातील सर्वांत वेगवान गृहस्थाने डोळ्यांदेखत एक बोट सोडून दिली, मागून येणाऱ्यासाठी रुमालात दोन केळी राखून ठेवली, आणि ती खाऊन होईपर्यंत सायकलला हातही लावला नाही. ज्यांना घड्याळाशीच शर्यत लावायची असेल त्यांनी खुशाल एकट्याने जावे. मित्रांसंगे जाणाऱ्यांनी मात्र निघण्याचा हुकूम सर्वांत शेवटी आलेल्याच्याच तोंडून घ्यावा.