आजीच्या हातावरची तुळस

टॅटू काढायचा तर कुणाकडेच नसेल असा, असं हल्ली तरुण मंडळी आवर्जून सांगतात. मला आजी आठवते. तिच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, हनुवटीवर तीन ठिपके. गावातल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तेच गोंदण! गोंदणारीण सुयांची जुडी काजळीत बुडवून टोचायची, वर हळद लावायची. वय झालं तशी आजीची कातडी सुरकुतली, हिरवट रेघा फाकल्या आणि ती तुळस अगदी तिची एकटीची झाली. म्हणून नक्षी जुनी की नवी, याला मी फारसं महत्त्व देत नाही. ती का हवी, हे मात्र ठाऊक असावं. घरातल्या म्हाताऱ्या हातांवरचं गोंदण एकदा निरखून बघा, त्याची गोष्ट विचारा.