क्लिक एकीवर, उघडतात सगळ्या

आपल्या ई-मासिकासारखं एखादं पान घ्या. वीस कवितांच्या वीस चौकटी, प्रत्येकीत कविता झाकलेली. एकीवर क्लिक केलं की वीसच्या वीस उघडतात! मग मुलं काय करतात, तर प्रत्येक चौकटीला वेगळा आयडी नि वीस फंक्शन्स. चालतं, हो, पण एकविसावी कविता आली की पुन्हा कोड उघडा.

माझ्या मते चूक आहे ती शोध कुठून सुरू केला यात. ‘डॉक्युमेंट’पासून शोधलं की अख्खं पान धुंडाळलं जाणार. त्यापेक्षा इव्हेंटच्या ‘करंटटार्गेट’पासून शोधा, म्हणजे ज्या चौकटीला हँडलर लावलाय तिच्याच पोटात. नुसतं ‘टार्गेट’ नव्हे हं! बोट चौकटीतल्या चित्रावर पडलं तर टार्गेट ते चित्रच, आणि चित्राच्या पोटात कविता कुठली सापडायला?

२००६ साली आलेल्या जेक्वेरीत हेच काम ‘धिस’ आणि ‘फाइंड’ करतात. (‘फाइंड’ नातवंडांपर्यंत पोचतो, ‘चिल्ड्रन’ फक्त पोटच्या मुलांपर्यंत.) प्रॅक्टिकलला आधी करंटटार्गेट शिकवावं नि जेक्वेरी नंतर, असं मला वाटतं. कारण ‘धिस’ची ओळ मुलं नुसती पाठ करतात, मग कुणी अ‍ॅरो फंक्शन लिहिलं की त्यातला ‘धिस’ म्हणजे चौकट राहतच नाही, आणि काय बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही.