आकाशात आणखी कोणी आहे का?

उन्हाळ्यात वर्ध्याला आपण अंगणात किंवा गच्चीवर झोपतो. वर असंख्य तारे दिसतात. ‘तिथेही कोणी राहत असेल का?’ असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो वेडेपणाचा प्रश्न नाही. १९९५ साली सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. आज अशा दूरच्या ग्रहांची संख्या ६००० च्या वर गेली आहे. परंतु त्यांपैकी एकावरही जीव असल्याचे सिद्ध झालेले नाही.

कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीही सहकाऱ्यांबरोबर हा शोध घेतला. २००१ व २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे आकाशात सोडण्यात आले. निर्जंतुक केलेल्या नळ्यांत सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा करण्यात आली. तिच्यात जिवाणू सापडले. त्यांतील तीन जाती अगदी नव्या असल्याचे २००९ साली जाहीर झाले.

‘हे परग्रहावरचे जीव आहेत’ असे म्हटले असते, तर केवढा गाजावाजा झाला असता! पण ते पृथ्वीबाहेरून आले, हे यावरून सिद्ध होत नाही, असे शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितले. मला ही गोष्ट त्या शोधाहूनही मोठी वाटते. पुरावा, म्हणजे आपल्या उर्दूतील ‘सबूत’, मिळेपर्यंत थांबणे सोपे नसते.

मित्रांनो, आकाशाकडे पाहून प्रश्न जरूर विचारा. आणि मोहल्ल्यात एखादी अफवा आली, तर ती पुढे सांगण्याआधी हेही विचारा, ‘पुरावा काय?’